माळकऱ्याचं डिमॅट

गळ्यात तुळशीची माळ आणि डिमॅटमध्ये आयटीसी, हे माझ्या पचनी पडत नाही. मुलगा म्हणतो, “बाबा, बाजारात शेअर घेतला की पैसे विकणाऱ्याला जातात, कंपनीला नाही.” हिशेब बरोबर. पण लाभांश येतो तो बराचसा सिगारेटच्या नफ्यातूनच ना? “मग एलआयसीची पॉलिसीही मोडा. तिच्याकडेही आयटीसी आहे, निफ्टीच्या फंडातही आहे!” इथे मी अडतो.

तुकोबांनी म्हणे कर्जखतांचे दोन वाटे केले. कान्होबाचा त्याला दिला, आपला तेवढा इंद्रायणीत बुडवला. भावाच्या कागदांना हात लावला नाही. पॉलिसी, फंड राहू देत; तिथे मला विचारतो कोण? हा शेअर मात्र मीच निवडलेला. सोमवारी विकायला सांगितलाय. कर बसेल म्हणून मुलगा कुरकुरतोय.