टाके निघाल्यानंतर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात डोक्याला मार कसा लागतो हे कुणाला सांगावं लागत नाही. लोकलच्या दारात लटकणं आहे, कल्याण-बदलापूर रस्त्यावर हेल्मेटशिवाय बाइक पळवणं आहे. अशा वेळी धावून येणारे मित्रही इथलेच. जखमीला शीव, केईएमला नेतात, रक्त देतात, वर्गणी काढतात, रात्र रात्र वॉर्डाबाहेर बसतात. पुढे टाके निघतात, माणूस हिंडूफिरू लागतो, आणि तेच मित्र प्रेमाने म्हणतात, "चल, आज बसू या. एका क्वार्टरने काय होतंय?"

पुष्कळ होतं. मार लागलेल्या मेंदूला फिट येण्याचा धोका कधीकधी वर्षानुवर्षं राहतो आणि दारूने तो वाढतो. फिटच्या गोळ्या चालू असताना प्यायलं तर गुंगी चढते. पूर्वी पचायची तेवढी दारू आता पचत नाही. तोल आधीच डळमळीत असतो, त्यात पुन्हा पडला तर दुसरा मार जास्त जड जातो. डोक्याला मार लागलेल्या अनेकांची जीभ दारू न पिताही अडखळते. भिंतीला हात लावत दुकानापर्यंत गेलेला माणूस वस्तूचं नाव आठवत उभा राहतो, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणतं, "सकाळी सकाळीच लावून आलाय."

मला सगळ्यात जास्त अन्याय वाटतो तो पुढचा. कपाळामागचा मेंदूचा भाग अपघातात फार वेळा दुखावतो. पुढचा विचार करून हात आवरणं हे त्याच भागाचं काम. ज्या संयमाच्या जोरावर त्याने 'नको' म्हणावं असं आपण धरून चालतो, तो संयमच जखमी झालेला असतो. पाय मोडलेल्याला कुणी जिना चढून दाखव म्हणत नाही. याला मात्र "मनावर घेतलंस तर दारू सुटेल" असं सुनावतात, आणि नाही सुटली की बायकोला बोल लावतात.

रोज पिणाऱ्याने एकदम थांबणंही धोक्याचं. दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, फिट येऊ शकते, म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे काम करतं आहे.

मित्रांनो, पगार होईल, गटारी येईल. त्याला जरूर बोलवा, पोटभर जेवू घाला. फक्त त्या दिवशी कुणाच्याच पुढे ग्लास ठेवू नका.