हळू पळण्याची हिंमत

मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या पिंपळगाव रेणुकाईत पहाटेचा रस्ता भरतीच्या पोरांचा असतो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे. मुलींना ८०० मीटर. एखाद्या गुणाने वर्ष हातचं जातं, हे प्रत्येकाला ठाऊक. म्हणून रोज सकाळी तेच चालतं. सोळाशे मीटर जिवाच्या आकांताने पळायचं, टाइमिंग बघायचं आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायच्या. सुरुवातीला वेळ भराभर कमी होते, मग अडते ती अडतेच. पाठोपाठ नडगी दुखायला लागते.

हल्ली यांच्यापैकी काहींच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ दिसतं. एखाद्याला नोकरीला लागलेल्या भावाने दिलेलं, एखाद्याने कुणाचं तरी वापरलेलं विकत घेतलेलं. मला त्याचा मनापासून आनंद होतो. वेग कळावा म्हणून ही पोरं ते घेतात, पण त्याचा खरा उपयोग थांबवण्यासाठी आहे. नाडी आपण लावून ठेवलेल्या आकड्याच्या, समजा १७० च्या, वर गेली की ते मनगटावर थरथरतं आणि पळणाऱ्याला आवर घालायला लावतं. ग्राउंडवर 'अजून जोरात' म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'आज हळू' म्हणणारं कुणी नसतं.

हळू पळणं म्हणजे आळस, ही समजूत फार खोल रुजली आहे. सोळाशे मीटरला लागणारी बहुतांश ऊर्जा शरीर प्राणवायूच्या जोरावरच तयार करतं. ती ताकद वाढते सावकाश आणि लांब पळून, ज्या वेगात शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल अशा वेगात. आठवडे, महिने असं पळत राहिलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आणि पूर्वीच्याच वेगाला नाडी कमी लागते. जोराचा सराव हवाच, पण तो आठवड्यातून एक-दोनदा, मुरलेल्या पायांवर.

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जायचा. स्पर्धेतलं पळणं सुरू झालं ते सैन्यात गेल्यावर. २०१८ साली भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनींचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने. २०२४ च्या जुलैत पॅरिसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद. शाळेच्या वाटेवरच्या त्या किलोमीटरांची नोंद कुठल्याही घड्याळात नाही. माझं मत विचाराल तर पुढच्या सगळ्याचा पाया तिथेच घातला गेला.

घड्याळावर विश्वास किती ठेवायचा, हेही शिकावं लागतं. परवा भरतीची तयारी करणारा एक पोरगा चिंतेत होता. "काका, हळूच पळत होतो, तरी १७८ दाखवतंय." त्याला थांबवून गळ्याच्या शिरेवर दोन बोटं ठेवायला लावली. पंधरा सेकंदांत ३६ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १४४. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी टिपतो. पट्टा सैल असला, हात हिंदकळत असला, की त्याला नाडीऐवजी पावलांचा ताल सापडतो, आणि मिनिटाला १७५-१८० पावलं पडणं ही साधी गोष्ट आहे. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधलं की फरक पडतो. छातीचा पट्टा हृदयाची विद्युत लहरच पकडतो, म्हणून तो जास्त भरवशाचा.

'२२० वजा वय' हे सूत्रही असंच. वीस वर्षांच्या पोराची कमाल नाडी त्याने २०० निघते. प्रत्यक्षात ती १८८ असू शकते, २१२ सुद्धा. घड्याळ मात्र नाडीचे सगळे टप्पे त्या २०० वरूनच आखून देतं. मित्राचा आकडा बघून आपण खट्टू व्हायचं काही कारण नाही.

जीपीएसची गोष्ट मला अजूनही थक्क करते. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोहोचले, यावरून हे यंत्र आपली जागा ठरवतं. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर जागा तीनशे मीटरने हुकते! आमच्याकडे उघडं आभाळ आहे, उंच इमारती नाहीत, त्यामुळे लांबच्या पळण्याचं अंतर छान मिळतं. पण क्षणाक्षणाचा वेग उड्या मारतो. मैदानाच्या गोल फेऱ्यांतही ते थोडं चुकतं. सोळाशेचं टाइमिंग आखलेल्या मैदानावरच घ्यावं.

एप्रिल-मे महिन्यांत तर आकड्यांकडे समजुतीने पाहायला हवं. घामाने पाणी जातं, कातडी थंड ठेवायला रक्त वळतं, आणि त्याच वेगाला नाडी दहा-पंधराने चढते. दम कमी झाला असं समजून पोरं आणखी जोर लावतात, तिथेच चक्कर येते. अशा दिवसांत वेग विसरावा, नाडी पाळावी.

ज्यांच्याकडे घड्याळ नाही अशीच पोरं गावात जास्त आहेत, आणि त्यांचं काही अडत नाही. झोपेतून उठल्याबरोबर, अंथरुणातच, एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहायची. सराव मुरत गेला की हा आकडा हळूहळू उतरतो. रोज ५८ च्या आसपास असणारी नाडी लागोपाठ दोन-तीन सकाळी ६५ च्या पुढे दिसली, तर झोप कमी पडते आहे, ताप येऊ घातला आहे किंवा सराव अंगावर येतो आहे. त्या दिवशी सोळाशे मारू नये. बुटांची नाडी सैल ठेवावी, बरोबरच्या पोरांचं टाइमिंग लिहून द्यावं आणि दुपारी झोप काढावी.