शेजारधर्म आणि नवदीक्षित उपासक



ज्या घराने नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्या घराला पहिली दिवाळी फार अवघड जाते. देव्हारा उतरवलेला असतो. त्या जागी तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आलेली असते. मुलांना त्रिशरण-पंचशील पाठ झालेले असते. निर्णय पक्का असतो. अशा वेळी दारावर थाप पडते. शेजारच्या काकू फराळाचे ताट घेऊन उभ्या असतात आणि हसून दिवाळीच्या शुभेच्छा देतात. आता काय करावे? ताट घ्यावे की परत पाठवावे? शुभेच्छांना उत्तर द्यावे, की मान खाली घालून गप्प राहावे?

प्रश्न लहान दिसतो, पण तो लहान नाही. एक प्रसंग सांगतो. एका उपासिकेने पतीसह अशोक विजयादशमीला दीक्षा घेतली. वीस दिवसांनी दिवाळी आली. तिच्या शेजारी एक म्हाताऱ्या आजी राहतात. आदल्या वर्षी या उपासिकेचा मुलगा दवाखान्यात होता, तेव्हा त्याच आजींनी चार रात्री तिच्या धाकट्या मुलीला आपल्याजवळ निजवले होते. त्या आजी फराळ घेऊन आल्या. उपासिका म्हणाली, "आम्ही आता बौद्ध झालो. आम्हाला तुमचं चालत नाही." आणि तिने दार लावून घेतले. आजी ताट घेऊन माघारी गेल्या. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे बोलणे थांबले. पुढे ती उपासिका विहारात आली आणि म्हणाली, "मी तर प्रतिज्ञा पाळली. मग मला रात्री झोप का लागत नाही?"

बंधूंनो, तिच्या या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी मिळून शोधले पाहिजे.

तिने दार लावले याबद्दल तिला दोष देण्यापूर्वी आपला इतिहास आठवा. आपल्या आजोबा-पणजोबांनाही सणाचे अन्न मिळत होते. पण ते कसे मिळत होते? सण झाला की दारोदार हाळी घालून उरलेसुरले, शिळेपाके मागून आणावे लागे. देणारा उंबऱ्याच्या आत आणि घेणारा अंगणाच्या बाहेर. अन्न हातात दिले जात नसे, वरून टाकले जाई. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना बजावून सांगितले की, मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांचे अन्न सोडून द्या, माणसासारखे जगायला शिका. त्या तुकड्यांबरोबर आपण लाचारी टाकून दिली. म्हणून दुसऱ्याच्या सणाचे ताट समोर आले की आपल्या जुन्या माणसांचा हात आजही आखडतो. त्या आखडण्यात अहंकार नाही, आठवण आहे.

परंतु भिकेचे अन्न आणि शेजाऱ्याने दिलेले ताट यांत फरक आहे की नाही? भीक एकाच दिशेने जाते. देणारा देतच राहतो, घेणारा घेतच राहतो, आणि दोघांमधला उंबरा कायम राहतो. शेजाऱ्याचे ताट मात्र जाते आणि येते. ते रिकामे परत करायचे नसते, हे आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. तेव्हा ताट घेताना पारख एवढीच करायची: हा माणूस माझ्या घरचे ताट असेच हात पुढे करून घेईल काय? घेणार असेल तर तो बरोबरीचा शेजारी आहे. आणि जो आपले देतो पण तुमच्या घरचे पाणीही घेत नाही, त्याचे ताट नम्रपणे परत केले तर त्यात काहीही गैर नाही. तिथे प्रश्न सणाचा नसतो, समतेचा असतो. सर्व माणसे समान आहेत हे मानण्याची प्रतिज्ञा आपण घेतलेली आहे.

आता शुभेच्छांचा प्रश्न. तथागतांच्या संघापुढे हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी आला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात ती हकिकत आहे. भगवान एकदा मोठ्या परिषदेत धम्मोपदेश करीत होते. त्यांना शिंक आली. भिक्खूंनी एकच गलका केला, "भगवान जगोत! सुगत जगोत!" त्या गलक्याने उपदेशात खंड पडला. भगवानांनी विचारले, "भिक्खूंनो, शिंकणाऱ्याला 'जग' असे म्हटले म्हणून तो जगतो काय? किंवा म्हटले नाही म्हणून मरतो काय?" भिक्खू म्हणाले, "नाही, भन्ते." तेव्हा भगवानांनी भिक्खूंना तसे म्हणण्याची मनाई केली. शकुन-अपशकुनावरची केवढी मोठी कुऱ्हाड ही! बाहेर निघताना कुणी शिंकले तर "जरा थांब" म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

पण हकिकत इथे संपत नाही. पुढे असे झाले की भिक्खू शिंकले म्हणजे गृहस्थ लोक प्रेमाने म्हणत, "भन्ते, जगा." नियम मोडेल या भीतीने भिक्खू काहीच उत्तर देईनात. लोकांना वाईट वाटले. ते म्हणू लागले, "हे कसले श्रमण! आम्ही चांगले चिंतितो आणि हे साधे उत्तरही देत नाहीत." ही गोष्ट भगवानांच्या कानावर गेली. भगवानांनी सांगितले की गृहस्थ लोक मंगल-अमंगल मानणारे असतात. ते जर "जगा" म्हणाले तर त्यांना "चिरंजीव व्हा" असे उत्तर देण्याची मी अनुज्ञा देतो.

या दोन आज्ञा शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्या आज्ञेत प्रज्ञा आहे: शब्दांत जादू नाही. दुसऱ्या आज्ञेत करुणा आहे: शब्दांत माणसाचे प्रेम असते, ते पायाखाली तुडवू नका. भगवानांनी दुसऱ्या आज्ञेसाठी पहिली मोडली नाही. शिंकेने आयुष्य वाढते असे त्यांनी मान्य केले नाही. फक्त चांगले चिंतणाऱ्या माणसाला चांगले उत्तर द्यायला सांगितले. बौद्ध उपासकाने सणाच्या शुभेच्छांचे उत्तर याच रीतीने द्यावे. कोणी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या तर हसून म्हणा, "तुमचाही सण आनंदात जावो." यात खोटे काहीच नाही. सण त्यांचा आहे आणि त्यांना आनंद मिळावा असे तुम्हाला मनापासून वाटते. ही सम्यक वाचा आहे.

कोणी म्हणेल, अशाने जुना धर्म मागच्या दाराने घरात शिरेल. ही भीती खोटी नाही. "एकदाच आरतीला या," "मुलांच्या हौसेसाठी गणपती बसवा," असे म्हणता म्हणता पुष्कळ घरे घसरलेली आहेत. म्हणून सीमा कोठे आहे हे स्पष्ट असले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या नीट वाचा. त्या देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, असे त्या सांगतात. शेजाऱ्याशी बोलणार नाही असे त्यांत कुठेही नाही. उलट, सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा त्यांतच आहे. सीमा ती हीच. हात शेजाऱ्यापुढे जोडा, त्याच्या देवापुढे जोडू नका. त्याच्या आनंदात भाग घ्या, त्याच्या पूजेत भाग घेऊ नका. आरतीचे बोलावणे आले तर सरळ सांगा, "आरतीला मी उभा राहणार नाही, पण संध्याकाळी तुमच्या घरी चहाला जरूर येईन." आणि सांगितल्याप्रमाणे जा. ज्याला तुमचा नकार कळला, त्याला तुमचे येणेही कळू द्या.

प्रसादाविषयीही पुष्कळ जण विचारतात. देवाची कृपा म्हणून कोणी काही हातावर ठेवीत असेल, तर दोन्ही हात जोडून "आम्ही प्रसाद मानत नाही, राग नसावा" एवढे म्हणावे. चारचौघांत वाद घालू नये. पण करंजी, चकली, तिळगूळ, ईदचा शीरखुर्मा, नाताळचा केक हे शेजाऱ्याच्या चुलीवरचे अन्न आहे. ते प्रेमाने दिले तर प्रेमाने घ्यावे. कर्माचे मूळ चेतनेत आहे, असे तथागत सांगतात. तुमची चेतना पूजेची नसेल तर करंजी खाल्ल्याने कोणाचा धम्म बुडत नाही. मात्र कोणी सणाच्या नावाखाली दारूचा पेला पुढे केला, तर तो कोणत्याही धर्माच्या मित्राचा असो, घेऊ नका. तेथे पंचशील आडवे येते.

नालंदेच्या उपाली गृहपतीची गोष्टही आपण विसरता कामा नये. हा धनाढ्य गृहपती निगंठ नातपुत्तांचा म्हणजे जैन संघाचा अनुयायी होता. तो भगवानांना वादात हरवायला आला आणि स्वतःच त्यांचा उपासक व्हायला निघाला. भगवान त्याला म्हणाले, "गृहपती, नीट विचार कर." एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. तुझे घर आजवर निगंठांना पाणवठ्यासारखे उपयोगी पडत आले आहे, तेव्हा ते दारी आले तर त्यांना अन्न देत जा, असेही त्यांनी सांगितले. उपाली थक्क झाला. वैशालीच्या सीह सेनापतीलाही भगवानांनी हाच उपदेश केला. उपालीने पुढे जुन्या गुरूचे शिष्यत्व पत्करले नाही, आणि दारी आलेल्याचे अन्नही बंद केले नाही. धर्मांतर म्हणजे काय, हे या गोष्टीवरून समजते. आपण विषमता सोडली आहे, माणसे सोडलेली नाहीत.

सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात हेच कोरून ठेवले. जो आपल्या पंथाच्या भक्तीपोटी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची मोठी हानी करतो, असे त्याचे सांगणे आहे. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथेही अशोकाच्या लेखांचे तुकडे सापडले आहेत. त्यांतला एक नवव्या लेखाचा आहे. त्या नवव्या लेखाचा विषयच मुळी मंगल हा आहे. लोक आजारपणात, लग्नकार्यात, मुलाच्या जन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे आणि जिवांविषयी संयम बाळगणे, असे तो सांगतो. ज्याला मंगल चिंतायचे आहे त्याने आधी मंगल वागावे, हा त्याचा अर्थ.

आता दुसरी बाजू. आपल्या दिवसांची ओळख शेजाऱ्यांना करून देणे हे आपले काम आहे. ६ डिसेंबरला कोणी मोबाइलवर "महापरिनिर्वाण दिनाच्या शुभेच्छा" पाठवतो आणि आपण संतापतो. पण त्याला कोणी सांगितले होते का, की १९५६ साली याच दिवशी बाबासाहेब आपल्याला सोडून गेले? त्याला शांतपणे सांगा, "हा आमचा अभिवादनाचा दिवस आहे. शुभेच्छा १४ एप्रिलला द्या, बुद्ध पौर्णिमेला द्या, आम्ही आनंदाने घेऊ." आणि आपणही तसेच शिकले पाहिजे. गुड फ्रायडे हा येशूला क्रुसावर चढविल्याचा दिवस आहे. मोहरमचा दहावा दिवस हा करबला येथे इमाम हुसेन यांना आलेल्या मरणाचा दिवस आहे. त्या दिवशी आनंदाच्या शुभेच्छा देणे म्हणजे दुखऱ्या जागी बोट ठेवणे होय. २५ डिसेंबरला ख्रिस्ती शेजारी नाताळ साजरा करतात, आणि १९२७ साली त्याच तारखेला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. सकाळी शेजाऱ्याला नाताळच्या शुभेच्छा द्याव्यात, आणि संध्याकाळी विहारात मुलांना महाडचा इतिहास सांगावा. एका दिवसात दोन्ही गोष्टी मावतात.

"बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात बाबासाहेबांनी मैत्रीला करुणेच्याही पुढे नेले आहे. करुणा माणसापुरती, मैत्री सर्व जीवमात्रांसाठी. जी मैत्री सर्व जिवांपर्यंत पोहोचायची आहे, ती भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडापाशीच अडली तर कसे व्हावे?

त्या उपासिकेला हेच सांगितले. तिने विचारले, "मग आता मी काय करू? दिवाळी तर होऊन गेली." तिला म्हटले, बुद्ध पौर्णिमा येते आहे. वैशाख पौर्णिमेला तिने खीर केली, बुद्धवंदना झाली आणि वाटी घेऊन ती आजींच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "आजी, त्या दिवशी माझं चुकलं. ताट नको होतं तर तसं सांगता आलं असतं, दार लावायला नको होतं." आजींनी वाटी घेतली आणि विचारले, "खीर कशाची गं आज?" तेव्हा तिने त्यांना सुजातेची गोष्ट सांगितली. सिद्धार्थाला खीर देणारी ती सुजाता वृक्षदेवतेला नवस फेडायला आली होती, हेही सांगितले. आजींनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. वाटी परत आली तेव्हा तिच्यात गुळाचा खडा होता.

धम्मभगिनींनो, येत्या सणाला तुमच्या दारावर थाप पडेल तेव्हा घाबरू नका. आपल्या प्रतिज्ञा ठाऊक असलेल्या माणसाला दार उघडण्याची भीती वाटत नाही. दार उघडा, हसून उत्तर द्या, आणि आपल्या पौर्णिमेला त्या घरची वाट विसरू नका.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!