आजचं माप

नागपूरच्या कळमना बाजारात तो हमाली करायचा. 50 किलोची पोती पाठीवर घेऊन दिवसभर ये-जा. एकदा ट्रकमधल्या थप्पीवरून पडला, मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं आणि चाकाची खुर्ची आली.

मायनं मात्र ताट बदललं नाही. चार भाकरी, वर भात, तर्रीदार रस्सा. तो नको म्हणाला, की ती म्हणे, "खाशीन नाही तं ताकद कुठून येईन?" भेटायला येणारेही संत्राबर्फी नाही तर समोसे घेऊनच येत.

वर्षभरात खुर्ची अंगाला दाटू लागली. त्याला पलंगावरून उचलताना मायच्या पाठीत कळ उठे. त्याचे खांदे दुखत, बैठकीच्या जागी लाल चट्टा उठला होता. पाय तर वाळतच चालले होते, त्यामुळे पोरगा जाड होतोय हे मायला पटेना.

'मेडिकल' रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी वजन विचारलं. उभं राहता येत नाही, काट्यावर चढणार कसं? त्याला बाजारातला मोठा काटा आठवला. म्हाताऱ्या मापाड्यानं आधी खुर्चीसकट त्याला तोललं, मग रिकामी खुर्ची. 104 मधून 18 गेले, उरले 86. अपघाताआधी तो 64 किलोचा होता.

ताईंनी समजावलं, "न हलणारे स्नायू झिजतात, आणि स्नायू घटले की बसल्याजागी खर्च होणारी ऊर्जाही घटते. जास्तीचं अन्न चरबी होऊन साठतं. म्हणून अशा रुग्णांनी बीएमआय 22 च्या वर गेला तरी सावध व्हायचं. चरबीपाठोपाठ मधुमेह आणि हृदयविकार येतात."

मायचे डोळे भरले. "माह्या हातानं पोराले कमी कसं वाढू?"

सोबत आलेला मापाडी म्हणाला, "वहिनी, लिलावात कालचा भाव आज लागत नाही. तुम्ही अजून हमालाचं ताट वाढता. पोरगा आता खुर्चीत बसतो."

"उपाशी ठेवायचं नाहीच," ताई म्हणाल्या. "चट्टा भरून यायला प्रथिनं लागतात. भाकरी, भात, तेल कमी करा. वरण, मोड आलेली मटकी, भाजी, ताक वाढवा. आणि चट्टा पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर भार नको."

मायनं ऐकलं. चट्टा गेल्यावर आठवड्यातून तीनदा अर्धा तास हातांचा, घाम फुटेल असा व्यायाम सुरू झाला. दर महिन्याला तो काट्यावर जाई. वजन हळूहळू उतरलं. एके दिवशी फळी सरकवून तो स्वतःच पलंगावरून खुर्चीत आला. त्या दिवसापासून मायला त्याला उचलावं लागलं नाही.

तात्पर्य : माया कमी करायची नसते, पण आपल्या माणसाच्या ताटाचं माप त्याच्या आजच्या शरीराला विचारून ठरवावं.