हातचा कुठे असतो?

४७ आणि ३८ यांची तोंडी बेरीज करताना ‘सात नि आठ पंधरा, हातचा एक’ म्हणून आपण पुढे सरकतो. तो एक तेवढ्या दोन क्षणांपुरता मेंदूत कुठे राहतो? अशा क्षणभराच्या आठवणीला, म्हणजे कार्यस्मृतीला, एक ठरलेली जागा असणार, असं संशोधक बरीच वर्षं धरून चालले. माझ्या मते गाडी तिथेच अडली.

१९३०च्या दशकात येल विद्यापीठात कार्लाइल जेकबसेन माकडासमोर दोन वाट्या ठेवत, एकीखाली त्याच्या डोळ्यांदेखत खाऊ लपवत आणि काही सेकंद मधे पडदा टाकत. एरवी माकड बरोबर वाटी उचले. कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, दोन्ही बाजूंनी काढल्यावर मात्र त्याला खाऊ सापडेना. झालं, आठवणीची कोठी कपाळामागे आहे असं ठरलं.

१९४२ साली रॉबर्ट माल्मो यांनी एक साधीच गोष्ट केली. मधल्या वेळात त्यांनी दिवे मालवले. तशीच शस्त्रक्रिया झालेली माकडं अंधारात थांबल्यावर पुष्कळदा बरोबर वाटी उचलू लागली! कोठीच गेली असती, तर ती अंधारामुळे परत कशी आली असती? आठवण शाबूत होती. आजूबाजूच्या गडबडीपासून तिला जपणारं कोणी उरलं नव्हतं.

इतका बोलका प्रयोग मागे पडला, त्यालाही कारण घडलं. १९७१ साली फुस्टेर आणि अलेक्झांडर यांना वाट पाहण्याच्या काळात प्रीफ्रंटल पेशी धडधडत राहिलेल्या दिसल्या. त्याच निबंधात मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमसमधल्या पेशीही होत्या, पण बोलबाला झाला तो कपाळाचाच. १९८९मध्ये फुनाहाशी, ब्रूस आणि गोल्डमन-राकिच यांनी तर दाखवलं की यातल्या अनेक पेशींना आपापली आवडती दिशा असते, म्हणजे त्या दिशेची जागा लक्षात ठेवताना त्या जास्त धडधडतात. एवढा देखणा पुरावा हाती आल्यावर अंधारातली माकडं कोण आठवणार?

खरं तर कपाळाबाहेरचा पुरावाही होता. १९६९मध्ये वॉरिंग्टन आणि शॅलिस यांनी के. एफ. या रुग्णाबद्दल लिहिलं. डाव्या परायटल भागाला इजा झालेल्या या माणसाला ऐकलेले एक-दोन अंकच परत म्हणता येत. नवं शिकणं मात्र ठीक चाले. पुढे २००९मध्ये हॅरिसन आणि टाँग यांनी लोकांना तिरप्या रेषांची चित्रं दाखवली, एकीचा कल लक्षात ठेवायला सांगितला आणि पडदा कोरा ठेवला. मेंदूच्या मागच्या टोकाला असलेल्या दृष्टिकेंद्राच्या स्कॅनवरून तो कल ८० टक्क्यांहून अधिक वेळा ओळखता आला. जे डोळ्यांनी पाहिलं, ते पाहणाऱ्या भागानेच धरून ठेवलं होतं. कपाळाकडे प्रामुख्याने राखण आणि निवड. काय आत घ्यायचं, याच्या दारावर खोलवरचे बेसल गँग्लिया असावेत, असंही आता मानतात.

पेशींच्या त्या सलग धडधडीबद्दलही आता वाद आहे. आलेख अनेक खेपांची सरासरी काढून बनतात. एकेक खेप सुटी तपासली, तर तीच धडधड अनेकदा तुटक दिसते. मधल्या शांत क्षणांत आठवण पेशींमधल्या जोडांच्या तात्पुरत्या बळावर तगते, असं गणिती प्रारूप २००८पासून मांडलेलं आहे.