शून्याची तपासणी

महिनाअखेरीस जिल्हा हिवताप अधिकाऱ्याच्या टेबलावर तालुक्यांचे अहवाल येऊन पडतात. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रापुढे हिवतापाचे रुग्ण शून्य असतात. या शून्याने हरखावे की धास्तावावे, हे ठरवायला शेजारचा रकाना बघावा लागतो: रक्तनमुने किती घेतले? वर्षाकाठी लोकसंख्येच्या निदान १० टक्के रक्ततपासणी व्हावी, असा कार्यक्रमाचा दंडक आहे. काचपट्टीवर रक्ताचा थेंबच आला नाही, तर हिवताप सापडणार कुठून? कीटकजन्य रोगांच्या कार्यक्रमावर देखरेख म्हणजे बव्हंशी अशा शून्यांवर संशय घेत बसणे. त्याने माणूस जरा खडूस होतो, पण त्याला इलाज नाही.

हा संशय देशाने एकदा सैल सोडला होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. घरोघरी डीडीटी फवारले गेले. १९५८ मध्ये कार्यक्रमाच्या नावातले ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आले आणि १९६५ पर्यंत रुग्ण एका लाखाच्या आसपास उतरले. १९७६ मध्ये मात्र ते ६४ लाखांवर गेले. डास डीडीटीला जुमानेनासे झाले, पुरवठा रखडला, ही कारणे खरीच. पण ओसरलेल्या रोगासाठी माणसे आणि पैसा मागणाऱ्याचे कोणी मनावर घेत नाही, हे कारण मला अधिक जाचते.

अमेरिकी डॉक्टर फ्रेड सोपरची गोष्ट याच्या अगदी उलट. आफ्रिकेतून ब्राझीलमध्ये शिरलेला अ‍ॅनोफिलिस गँबिये डास त्याने १९४० पर्यंत तिथून समूळ घालवला, तोही डीडीटी हाती नसताना. त्याचे खरे हत्यार देखरेख हेच होते. कामगार कोणत्या वेळी कुठे असेल हे ठरलेले, त्याच्यावर निरीक्षक, निरीक्षकावर आणखी एक. दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट झाला, त्या वेळी तिथे असायला हवा होता तो तपासनीस दुसऱ्या दिवशी धडधाकट उगवला, म्हणून त्याला नोकरीवरून काढले, अशी एक कथा सांगतात. दंतकथा असेल, धाक मात्र खरा होता. पण ते वार्गासच्या हुकूमशाहीतले ब्राझील. आपल्याकडे कर्मचाऱ्याला दारात उभे राहून आधी ‘मावशी, आत येऊ का?’ म्हणावे लागते, आणि तेच बरे आहे.

नळाला आठवड्याने पाणी येते असे मराठवाड्यातले एखादे गाव घ्या. अंगणात निळे ड्रम, रांजण, सिमेंटचा हौद. ड्रमवर सावली पडली की डासांच्या अळ्या वळवळत तळ गाठतात. घाईने डोकावणाऱ्याला नितळ पाणी दिसते आणि नोंदवहीत ‘निरंक’ लिहिले जाते. टॉर्च धरून दमाने उभे राहिले, तर त्या श्वासासाठी वर येतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अळी डोके खाली करून लटकते, अ‍ॅनोफिलिसची पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवी पडते. आपला माणूस तेवढा वेळ थांबतो का, हे पाहणे ही वरिष्ठाची खरी तपासणी. ती व्हिडिओ कॉन्फरन्सवर होत नाही.

अळी सापडते. ‘मावशी, ड्रम ओतावा लागेल.’

‘ओत की लेकरा. मग सोमवारपर्यंत वापरायचं काय, तेबी सांगून जा.’

या प्रश्नाला आरोग्य खात्याकडे उत्तर नसते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, हे शास्त्र पक्के आहे. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात, तेव्हा भांडे नुसते उपडे न करता घासायचे, हेही पक्के. पण अख्ख्या जिल्ह्याला एकच वार नेमून दिला, तर तो नेमका भरल्या ड्रमांवर येतो. नळ सोमवारी येत असेल, तर कोरडा दिवस रविवारी हवा. तळाशी उरलेले चार तांबे पाणी ओतायला कोणी नाही म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी कर्मचारी कुठून आणायचा, हा पुढचा घोळ.

सर्वेक्षणाच्या तक्त्यात तपासलेली घरे, दूषित घरे, तपासलेली भांडी, दूषित भांडी, रिकामी केलेली भांडी, असे सगळे रकाने असतात. नळ किती दिवसांनी येतो, याचा नसतो. एखादा आरोग्यसेवक ते शेऱ्यात लिहितो. तालुक्याला बेरीज होते तेव्हा आकडे वर जातात, शेरा तालुक्यालाच राहतो.