उतारावरचे लाल झेंडे

सायकल शर्यतीत थंडी चढावर मारत नाही, उतारावर मारते. हे आधी नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढची भानगड कळणार नाही. चढताना शरीर भट्टीसारखं तापलेलं असतं. स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातली जेमतेम पाव हिस्सा पॅडलपर्यंत पोचते, उरलेली सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे एखादा चढावर ३५० वॉट काढत असेल, तर त्याच वेळी हजारभर वॉटचा हीटर त्याच्या अंगात चालू असतो. माथा आला, पाय थांबले, की हीटर बंद. कपडे घामाने आणि बर्फाने ओले, समोरून ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वारा, आणि हे पुढचा अर्धा तास तरी चालणार. आधी बोटं बधिर होतात. बोटं गेली की ब्रेक गेला.

म्हणून घाटमाथ्यावर एक साधा, जवळजवळ घरगुती वाटणारा निर्णय घ्यावा लागतो: जॅकेट घालायला थांबायचं की नाही? थांबलात तर पुढचा निसटतो. नाही थांबलात तर काय होतं, याचं उत्तर ५ जून १९८८ला इटलीतल्या गाव्हिआ घाटात मिळालं होतं. जिरो द'इटालिया, म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची शर्यत. बर्फ पडत होता. योहान फान डर व्हेल्दे हा डच सायकलपटू अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचला. उतार सुरू झाला आणि त्याच्याच्याने खाली जाववेना. ऊब मिळवायला त्याला एका गाडीत आसरा घ्यावा लागला. जो माथ्यावर पहिला होता, तो शेवटच्या रेषेवर पाऊण तासाहून जास्त मागे होता. त्याच दिवशी अँडी हॅम्पस्टनच्या टीमने सकाळीच दुकानातून स्कीइंगचे हातमोजे आणि गरम कपडे विकत घेऊन ठेवले होते. हॅम्पस्टनला गुलाबी जर्सी मिळाली आणि शेवटी जिरोही त्यानेच जिंकली. आज त्या दिवसाला शौर्यगाथा म्हणतात. मला त्यात शौर्यापेक्षा खरेदीची यादी जास्त दिसते, पण असो.

माझा विषय २६ वर्षांनंतरचा आहे. २७ मे २०१४. पुन्हा जिरो, सोळावा टप्पा, पोंते दी लेन्यो ते वाल मार्तेल्लो, १३९ किलोमीटर. आधी गाव्हिआ, मग २,७५० मीटरहून उंच स्टेल्व्हिओ, मग शेवटचा लांब चढ. हाच टप्पा आदल्या वर्षी बर्फामुळे अख्खाच्या अख्खा रद्द झाला होता. आयोजकांना तो या वर्षी कसंही करून हवा होता, हे सांगायला ज्योतिषी नको. गुलाबी जर्सी कोलंबियाच्या रिगोबेर्तो उरानच्या अंगावर होती. त्याच्याच देशाचा नैरो क्विंताना २ मिनिटं ४० सेकंद मागे होता.

स्टेल्व्हिओच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, वरून बर्फ आणि पाऊस. इतक्यात शर्यतीच्या रेडिओवरून टीमच्या गाड्यांना एक सूचना गेली. सूचनेचा मतितार्थ असा, की उतारावर धोका टाळण्यासाठी लाल झेंडेवाल्या मोटरसायकली पुढे राहतील. काही टीम मॅनेजरांनी याचा अर्थ लावला की उतार न्यूट्रलाइझ केलाय. म्हणजे शर्यत तात्पुरती स्थगित, सगळे एकत्र सावकाश खाली येणार, कुणी कुणाला सोडून पळायचं नाही. शर्यतीच्या अधिकृत ट्विटर खात्यानेही तसंच जाहीर केलं. थोड्या वेळाने तिथेच खुलासा आला, की असं काही नाही. तोवर उतार सुरू झालेला होता.

काहीजण जॅकेट घालायला थांबले, काही ब्रेक धरून उतरू लागले. क्विंताना, रायडर हेशेदाल, पिएर रोलाँ आणि आणखी काहीजण पुढे निघून गेले. स्टेल्व्हिओची ती बाजू म्हणजे ४८ हेअरपिन वळणं आणि ढगात हरवलेला रस्ता. खाली पोचेपर्यंत मधलं अंतर भरून निघण्यापलीकडे गेलं होतं. शेवटच्या चढावर क्विंतानाने ते आणखी वाढवलं. उरान ४ मिनिटं ११ सेकंदांनी मागे आला. संध्याकाळी गुलाबी जर्सी क्विंतानाकडे होती, १ मिनिट ४१ सेकंदांच्या आघाडीसह.

रात्रभर भांडण झालं. काही टीमचं म्हणणं, उतारावर मिळवलेला वेळ वजा करा. क्विंतानाच्या टीमचं म्हणणं, न्यूट्रलाइझ केल्याचा आदेशच नव्हता. निकाल बदलला नाही. पाच दिवसांनी क्विंतानाने ती जिरो २ मिनिटं ५८ सेकंदांनी जिंकली.

क्विंताना चुकला का?

माझ्या धंद्यात या प्रसंगाचा अर्धा भाग रोज घडतो. कंप्युटर सायन्सच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात एक कोडं शिकवतात: दोन डोंगरांवर दोन सेनापती, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जिंकणार, पण निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो. मी निरोप पाठवला, पण तो तुला मिळाला हे मला कळलं का? तुझी पोच मला मिळाली हे तुला कळलं का? गणिताने सिद्ध करता येतं की अशा वाटेवरून कितीही निरोप पाठवले तरी दोघांची पूर्ण खात्री कधीच होत नाही. युद्धबंदीचंही तसंच आहे. ‘थांबूया’ हे मला ठाऊक असून भागत नाही. तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक हवं, आणि मला ते ठाऊक आहे हे तुला. नाहीतर थांबणारा गाढव ठरतो.

मराठीत अशा निरोपासाठी एक नामी शब्द आहे: शक्यतो. सोसायटीची नोटीस असो की ऑफिसचा मेल, ‘शक्यतो टाळावे’ असं लिहिलं की लिहिणारा सुटतो. त्रास झाला तर तुम्ही टाळायला हवं होतं, नुकसान झालं तर आम्ही मनाई कुठे केली होती? लाल झेंड्यांची सूचना ही ‘शक्यतो’ होती. ज्याला थांबायचं होतं त्याला तिच्यात थांबा ऐकू आलं, ज्याला जायचं होतं त्याला जा ऐकू आलं. क्विंतानाने वचन मोडलं म्हणावं तर त्याने वचन दिलंच नव्हतं. या बाजूने मला तो निर्दोष वाटतो.

पण इथे थांबलं तर उत्तर फारच स्वस्तात मिळतं. समजा सूचनेचा गोंधळ झालाच नसता, शर्यत सरळ चालू असती, आणि त्या बर्फात कुणी जाणूनबुजून उतारावर हल्ला केला असता, तर?

चढावरचा हल्ला घ्या. मी वेग वाढवतो तेव्हा तुझ्याकडून वेदना मागतो. ती तू दिलीस तर माझ्यासोबत राहतोस, नाही दिलीस तर मागे पडतोस आणि घरी धडधाकट जातोस. ओल्या, गोठलेल्या उतारावर मी वेग वाढवतो तेव्हा मागणी बदलते. आता मी तुझं मनगट, तुझी मान पणाला लावायला सांगतोय. धोका मी फक्त माझ्यापुरता पत्करला, असं मला म्हणता येत नाही. कारण मी निघालो की तुझ्यापुढे दोनच वाटा उरतात. कोरड्या रस्त्यावर उत्तम उतरणं हे कौशल्य आहे आणि त्याचं बक्षीस मिळायलाच हवं, हा आक्षेप मला मान्य आहे. पण बोटांना ब्रेक जाणवत नसेल तर कौशल्य कुठे राहतं? तिथे पुढे जातो तो बहुधा जास्त नशीबवान असतो, किंवा जास्त गरजू.

गरजू हा शब्द मुद्दाम वापरला. ज्याचा करार त्या वर्षी संपतोय तो थांबणार नाही. तो थांबला नाही म्हणून शेजारचा थांबणार नाही. थंडी सगळ्यांना सारखीच लागते, पण थांबण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते.

अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंगने १९७३ साली आइस हॉकीच्या हेल्मेटवरून हेच मांडलं होतं. एकट्याने हेल्मेट घातलं तर तो खेळाडू किंचित तोट्यात जातो, म्हणून कुणी घालत नाही. तेच खेळाडू नियमाच्या बाजूने मत मात्र देतील, कारण सगळ्यांनी घातलं तर तोटा कुणालाच नाही. प्रत्येकाची निवड एक आणि सगळ्यांची मिळून निवड दुसरी. यात ढोंग नाही, कारण विचारलेले प्रश्नच दोन वेगळे आहेत. हे वाचून सायकलपटू हेल्मेटसक्तीचं स्वागत करतील असं वाटेल. १९९१च्या पॅरिस-नीस शर्यतीत त्यांनी सक्तीविरुद्ध संप केला! उकाडा, सवय, आणि आमचं डोकं आमचं आहे हा बाणा. २००३ साली त्याच शर्यतीत आंद्रेई किव्हिलेव्ह पडून गेला आणि त्या वर्षी सक्ती झाली, तीही सुरुवातीला शेवटच्या चढावर हेल्मेट काढायची सवलत ठेवून. म्हणजे खेळाडूंना विचारा, ते बरोबर सांगतील, इतकंही हे सोपं नाही.

तरी स्टेल्व्हिओच्या बाबतीत माझं मत आयोजकांच्या विरोधात जातं. त्या माथ्यावर दीडशेच्या आसपास माणसं होती आणि त्यांतल्या एकालाही एकट्याने थांबणं परवडणारं नव्हतं. सगळ्यांना एकदम थांबवणं फक्त एकाच पक्षाच्या हातात होतं. त्या पक्षाने शर्यत थांबवली नाही, आणि चालू आहे असंही ठणकावून सांगितलं नाही. लाल झेंडे पाठवले. निर्णय घेतल्यासारखं दिसेल पण जबाबदारी अंगाला लागणार नाही, अशी ती युक्ती. तिचा भार उरानच्या ब्रेकवर आणि क्विंतानाच्या नावावर पडला. नंतर वेळ वजा करा ही मागणीही मला पटत नाही. ते ४८ हेअरपिन काहीजण खरोखर उतरले होते, खरा धोका घेऊन. तो धोका कुठल्या तक्त्यात परत करणार?

२०१६पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने वाईट हवामानासाठी लेखी पद्धत लागू केली. रस्त्यावर साचलेला बर्फ, टोकाची थंडी किंवा उष्णता असेल तर आयोजक, खेळाडूंचे आणि टीमचे प्रतिनिधी, डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवायचं: मार्ग बदला, टप्पा लहान करा, रद्द करा. त्याच मार्चमध्ये पॅरिस-नीसचा एक टप्पा बर्फामुळे मध्येच थांबवला गेला.

२०२०ची जिरो कोविडमुळे ऑक्टोबरवर गेली. २२ ऑक्टोबरला सायकलपटू स्टेल्व्हिओ चढून उतरले. दुसऱ्या दिवशी मोर्बेन्यो ते अस्ती असा अडीचशे किलोमीटरहून लांब, पण सपाट टप्पा होता. पाऊस आणि गारठा होता. खेळाडूंनी ऐन वेळी एवढं अंतर जाणार नाही म्हणून सांगितलं. शर्यतीचे संचालक माउरो वेन्यी उघड चिडले, पण टप्पा निम्म्यावर आला. सपाट रस्त्यावरच्या पावसाला स्टेल्व्हिओच्या बर्फाशेजारी बसवता येणार नाही, आणि आयोजकांचा राग मी समजू शकतो. नंतर काही सायकलपटूंनीच सांगितलं की असं काही ठरतंय हे त्यांना सकाळपर्यंत माहीत नव्हतं. सगळे बसमध्ये बसून पुढे गेले, मधूनच सायकलवर चढले, आणि त्या दिवशी अस्तीला योसेफ चेर्नी जिंकला.